टोरंटोचा पस्ताना

माय, तुझे गुडघे कसे आहेत? थंडी पडली की तू एरंडाचं पान तापवून बांधायचीस, तिकडे एरंड मिळतो का? बापाचा दमा कसा आहे? बिडी सुटली, की तिथंही कुणी सोबती गाठलाच त्यानं? आजीला आता दिसतं का? मोठ्या आत्याच्या कानाचं काय? तिच्याशी गुपित बोलायचं म्हटलं तर सगळ्या आळीला ऐकू जायचं, तसंच चालू आहे का अजून? आणि आपली एका शिंगाची म्हैस, ती तुझ्याच मागं गेली असणार, तिलाही मी विचारलं म्हणून सांग.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मला साखरेची गोळी लागली आहे, पण गूळ चोरून खायची सवय काही सुटली नाही. तुझ्या सुनेचं एक ढोपर धरतं, तरी जिभेला कसलाच आजार नाही. तुझा नातू, माझा थोरला, शेती पाहतो, यंदाही सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी असा बेत आहे. आणि पोरगी, जी तू पाहिलीच नाहीस, जी तू गेल्यावर झाली, ती टोरंटोला असते. हे कॅनडा देशातलं शहर आहे. आपल्याकडे ऊन डोक्यावर असतं तेव्हा तिकडे लोक घोरत असतात. शाळेनं मला चौथीपर्यंतच सांभाळलं, पुढचं मी किराणा बांधून आलेल्या कागदांवर वाचून वाचून शिकलो, हे तुला माहीतच आहे. पृथ्वी गोल असल्याचं अशाच एका शेंगदाण्याच्या पुडीवर वाचलं होतं. आता खात्री करून यायची वेळ आली आहे.

झालं असं, की पोरीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, फुटबॉलची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा आहे ना, तिचे सामने आमच्या गावात आहेत. तुमची आणि आईची तिकिटं काढलीत. आता नाही म्हणायचं नाही." ती त्या शहराला 'आमचं गाव' म्हणाली तेव्हा जरा टोचलं, पण लेकरू जिथं रुजलं तिथलं झालं, त्याला काय करणार. पुढं तिनं विचारलं, "मैदानात कुठं बसायला आवडंल?" मी पटकन म्हणालो, "खांबाजवळ." ती हसली. तिला कुठं ठाऊक, की आमचा एक खांब म्हणजे तू होतीस.

आठवतं ना? सुगी सरली की मोकळ्या खळ्यावर आम्ही पोरं खेळायचो. शाळेतला कातडी चेंडू फुटला तेव्हा तू जुन्या पोत्याचा गोळा शिवून त्यात कापूस ठासून दिलास. दोन्हीकडं गोलाचे दोन दोन खांब लागायचे. तिकडच्या बाजूला दगड, इकडच्या बाजूला एक दगड आणि एक तू. तू तिथं तुरी पाखडत बसायचीस, उठायला तयार नसायचीस, म्हणून पोरांनीच तुला खांब ठरवलं. आणि खांबाशेजारून काय गेलं ते खांबालाच ठाऊक, म्हणून न्यायही तुझाच. मला तो दिवस आत्ता दिसतो आहे. मी चेंडू लाथाडतो, तुझ्या सुपातल्या तुरी उडतात, मी 'गोल, गोल' ओरडत नाचतो. तू सूप खाली ठेवतेस आणि म्हणतेस, "न्हाई. भायेरून गेला."

"माय, आतून गेला!"

"माह्या उजव्या गुडघ्याला वारा लागला. डाव्याला लागला न्हाई. भायेरून गेला."

"तू माही माय हायेस का त्यांची?"

"घरी माय हाय. हितं खांब हाय."

सगळी पोरं फिदीफिदी हसली. मी रुसून चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसलो. तू भाकरी थापत होतीस. पहिली भाकरी फुगली, तीच माझ्या ताटात टाकलीस, वर तेल-तिखट, आणि म्हणालीस, "खांबावर रुसून जेवण सोडणारा मानूस म्या आजून पाह्यला न्हाई." मी हसलो आणि जेवलो. पुढं आयुष्यात मी कुणाची खोटी बाजू घ्यायला गेलो की त्या गुडघ्याचा वारा मला लागतो, माय.

तर जायचं ठरलं. पासपोर्ट झाले, व्हिसाचे शिक्के आले. पोरगी रोज मोबाईलवर काहीबाही शिकवते. मैदानात न्यायची पिशवी म्हणे आरपार दिसणारी लागते. तुझी सून म्हणाली, "मग त्यात माझ्या गोळ्या, माझा कंगवा, समदं जगाला दाखवत हिंडू व्हय?" कुणाचा सामना आहे तेही पोरीनं सांगितलं. त्यातला एक देश मला तुझ्या नातवाच्या शाळेतल्या जुन्या पुस्तकातल्या नकाशावर भिंग घेऊन हुडकावा लागला. सापडल्यावर मी ठरवलं, आपण ह्यांच्याच बाजूनं. एवढुशा देशाला तिथं ओरडायला माणसं कमी पडायची.

गावात मात्र चेष्टेला ऊत आला. चहाच्या हॉटेलात एक जण म्हणाला, "काका, ऐन पेरणीत चेंडू पाहाया चाललाव? आपल्या शाळेपुढं पोरं फुकट खेळतेत की, खुर्ची टाकून देतो." दुसरा म्हणाला, "जाऊ दे रे, म्हाताऱ्याला तिकडंच ठिवून घेतेत." तो हसत म्हणाला, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, ह्या वयात इतक्या लांब जाऊन काही झालं तर? आपल्या मातीऐवजी कुठं पडायचं? जावं की राहावं, माझं काही ठरेना. तुझी सून मात्र खमकी. "मी जाणार. तुमी या न्हाई तर राहा. लेकीच्या घरचं पाणी प्यायल्याबिगर मी मरत नसते."

निघायचा दिवस आला शुक्रवार. हिंगोलीहून रेल्वे, मुंबई, मग विमान. आणि शुक्रवारी पश्चिमेला निघायचं म्हणजे दिशाशूळ. विमानवाल्यांना कोण सांगणार? तेव्हा तुझी रीत आठवली. वार वाईट असला की तू आधीच्या चांगल्या दिवशी पस्ताना ठेवायचीस. प्रवासाचं थोडं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवलं की माणूस निघाला असं धरायचं. मग खरं निघताना ते उचलायचं, पण माघारी आपल्या घरात आणायचं नाही. मी तरुणपणी ह्यावर किती हसलो असेन. तर मंगळवारी तुझ्या सुनेनं एक कापडी पिशवी भरली, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, माझं एक धोतर, तिची एक चोळी. मग थबकून तुझी आठवण काढत म्हणाली, "आत्याबाई म्हनायच्या, ज्याच्यावाचून परवास अडतो ते पस्तान्यात घालावं. आपला कशावाचून अडन?" आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. उत्तर अगदी बराबर होतं. पासपोर्ट. दोन्ही पासपोर्ट पिशवीत गेले आणि पिशवी शेजारच्या वहिनीच्या देव्हाऱ्याखाली.

बुधवारी सकाळी पोरीचा फोन. "बाबा, पासपोर्टचा फोटो पाठवा, विमानाचं काम करायचंय." शेजारी गेलो तर दाराला हे एवढं कुलूप. वहिनी एकटीच राहते. रात्री तिच्या लेकीला कळा लागल्याचा निरोप आला, तशी जीप करून कळमनुरीला गेली होती. फोन लावला तर घंटी आतूनच वाजायला लागली. मोबाईलही घरात, पस्तान्याच्या शेजारी. आळीतली चार माणसं जमली. तुझा नातू म्हणाला, "बाबा, कुलूप तोडू का? नवं आणून लावू."

"लोकायच्या घराचं कुलूप मोडून निघायचं व्हय परदेशाला?" मी म्हणालो.

तुझ्या सुनेनं तोंडाला पदर लावला. "म्याच घातले माय त्यात. माह्याच हातानं."

"मी काय झोपलो होतो? मीबी तिथंच होतो," मी म्हणालो.

पण माय, तुला सांगतो, ते कुलूप पाहून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. जाणं हुकलं ते बरं झालं. आता कुणी भित्रा म्हणणार नाही, कुलपावर ढकलता येईल. तसाच पायात चपला सरकवल्या आणि चावी आणायला निघालो, पण मनातून म्हणत होतो, भेटली तर भेटली. सेनगावहून हिंगोली गाठली, तिथं कळमनुरीकडं जाणाऱ्या एसटीत बसलो. कंडक्टर आला. "कुठं, काका?" मी खिडकीबाहेर बघत होतो. तोंडातून गेलं, "टोरंटो."

कंडक्टरनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तिकडं आपली गाडी जात न्हाई. कळमनुरीचं देऊ का?"

मागच्या बाया हसल्या, मीही हसलो. पण त्यानंतर माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. म्हणजे मला जायचं आहे! मग एसटी प्रत्येक थांब्यावर घुटमळली की जीव वरखाली व्हायला लागला. वहिनी दवाखान्यात नसली तर? चावी हरवली तर? मी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, "बाबा, जरा दाबून घ्या." तो म्हणाला, "काका, ही एसटी हाय, इमान न्हाई."

वहिनी बाळंतिणीच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. मला पाहून घाबरली. "भावजी, तुमी? घरी समदं बरं हाय ना?"

"बरं हाय. काय झालं लेकीला?"

"पोरगी झाली. तुमी काहून आलाव येवढ्या उन्हाचं?"

मी सांगितलं. ती आधी डोळे फाडून बघत राहिली, मग अशी हसली की आतून नर्स ओरडली. कमरेची चावी सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धा मिनिटं थांबा, लेकराला पाहून जा. रिकामं तोंड घेऊन जाऊ नका." तिनं कागदात बांधलेला पेढा दिला. मी साखरेची गोळी विसरलो. पोरगी मुठी आवळून झोपली होती, पाय मात्र सारखे झाडत होती.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नातवानं कुलूप काढलं. तुझी सून म्हणाली, "आता घरी ठिवू आपल्याजवळ. लई जीव गेला." मी म्हणालो, "नको. पस्ताना माघारी येत नसतो." वहिनीच्या ओट्यावरच नातवानं पासपोर्टचे फोटो काढले, पोरीला पाठवले, आणि पिशवी पुन्हा देव्हाऱ्याखाली ठेवली. चावी तेवढी माझ्या कनवटीला आहे. आज गुरुवार. उद्या सकाळी जीप दारात येईल, तेव्हा शेजारून पिशवी उचलायची आणि सरळ गाडीत बसायचं.

तुझ्या सुनेला वाटतं, मी तिच्या समाधानासाठी रीत पाळली. तुला म्हणून सांगतो, तसं नाही. पिशवी घरात आली असती तर मीही घरातच राहिलो असतो, एवढी धास्ती अजून आहे. निघायचं मन झालं आहे, पण भीती काही पुरती गेली नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. तुझा पत्ता तर कुणीच सांगितला नाही आणि तुला वाचताही येत नव्हतं. पण आता इतक्या वर्षांत शिकली असशील, नाहीतर तिथं कुणी गुरुजी असतीलच, त्यांच्याकडून वाचून घे. उत्तर मात्र लवकर लिही, माय. ते टोरंटोला पाठवू नको, इथं गावच्याच पत्त्यावर टाक. म्हणजे ते घ्यायला मला परत यावंच लागंल.