चुकीच्या बटणामागचं हसू

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डब्यात तुझ्या शाळेसाठी सीडी आहे. कडेने धर; चकचकीत बाजूला बोट लागता कामा नये. धडा विजेपासून जपण्याचा. पडद्यावर झटक्या नावाचा माणूस अंघोळ करून येतो, समोर विजेचं बटण. हात पुसून दाबायचं की ओल्यानेच, हे मुलांनी ठरवायचं. पुसला तर हिरवी खूण आणि घंटी. ओला लावला तर केस ताठ उभे राहतात, झटक्या थयथय नाचतो आणि मागून खदखदून हसू येतं. ते हसू माझं. आवाजासाठी बोलावलेल्या बाईंना हसणं जमेना.

केसांची चित्रं मी माऊसने एकेक करून काढली. डिग्रीवाले दोन-तीन चित्रांत भागवतात, म्हणून त्यांची माणसं खुंटीसारखी हलतात. मी कुणाकडे शिकलो नाही, तेव्हा मला भागवता येत नाही.

टिकलीला दाखव. तिची आई गेल्यापासून तू तिला सांभाळतेस, म्हणून मी इथे यंत्रात डोकं घालून बसू शकतो. बाप काय करतो ते पोरीला कळू दे. लवकरच बाकीच्या शाळांनाही प्रती जातील.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
भाऊ


१३ जुलै

चि. भाऊस,
अनेक उ. आशीर्वाद.

सीडी कडेनेच धरली. हेडमास्तरांनी मात्र तिच्यात आपला भांग पाहून घेतला. शाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरपुढे अशी झुंबड, की शिपाईही दारातून हलेना. इथवर वाचून फुगला असशील, आता पुढचं वाच.

एकही मूल झटक्याला हात पुसू देत नाही. विचारलं तर बरोबर उत्तर सगळ्यांना पाठ. पण ते दाबलं की नुसती घंटी, आणि घंटी शाळेत दिवसभर वाजतेच. म्हणून ओला हात, पुन्हा ओला हात. झटक्या नाचतो, केस चापून परत हजर. टिकली पहिलीतली, पण मोठ्या मुलींच्या कानाशी लागून सांगते की तिथे दाब, तिथे माझे बाबा हसतात.

मला हे बरं दिसत नाही. बाकीच्या प्रती थांबव.

वेळेवर जेव, आणि रागावलास तरी दोन ओळी धाड.
तुझी,
ताई


१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खडू झिजवण्यात तुझी हयात गेली, म्हणून पडद्याची धास्ती वाटते. मुलं चुकूनच शिकतात. चुकलं तर पुन्हा करता येतं, हेच तर यातलं मोठेपण. तुझं पुस्तक उलटून उत्तर देतं का? केस उभे राहिले म्हणजे धोका, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. टिकली तर माझी मुलगी आहे. खेळ कुठला आणि खरं कुठलं, तिला समजतं.

प्रती कालच रवाना झाल्या. मी रागावलेलो नाही, बरोबर आहे तेवढंच लिहिलं.

तुझा,
भाऊ


२४ जुलै

चि. भाऊस,
आशीर्वाद.

टिकली सुखरूप आहे, हे आधी वाच. इथेच माझ्या पायाशी चित्र काढत बसली आहे.

काल संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मोरीत नळ वाजला, मग स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज. जाऊन बघते तर टिकली स्टुलावर, हात मनगटापर्यंत ओले आणि बोट भिंतीवरच्या, मिक्सर लावायच्या बटणाकडे. त्याचं झाकण फुटून आतली पट्टी दिसते. वायरमन उद्या येतो, उद्या येतो म्हणतोय. शेजारची मैत्रीण खाली कान टवकारून उभी, तिला ऐकवायलाच आणली होती. मी हाक मारली नाही. दचकून पुढे झुकली असती तर? चोरपावलांनी गेले आणि कमरेला धरून उचललं. तिच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

मग ती रडली, पण घाबरून नव्हे. म्हणाली की आत्या, जरा थांबायचंस, आता बाबा हसणार होते.

स्वयंपाकघराचा फ्यूज काढून उशाखाली ठेवलाय. तुला बोल लावत नाही. पण बाकीच्या घरांत कुणी असं नळाकडे कान देऊन बसलं असेल का, एवढं सांग.

ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानेच वाचलं आणि तसाच बसस्टँडवर गेलो. तेव्हापासून शाळाशाळांतून प्रती परत घेत हिंडतोय. एक हेडमास्तर विचारत होते की चूक कुठे आहे. हसू चुकलंय म्हटलं, तर त्यांना थट्टा वाटली. मुलं ती सीडी सोडत नाहीत म्हणून देईनात. शेवटी हात जोडले. मी कुणाला हात जोडल्याचं तुला आठवतं का?

नवी प्रत सोबत आहे. आता हात पुसला की मी शाबास म्हणतो आणि हसतो. ओला लावला की झटक्या पडतो, पडदा काळा होतो. आवाज नाही, आणि पुन्हा सुरू करायचं बटणही नाही. टिकलीला ते जवळ बसवून दाखव. झटक्या कधी उठणार विचारेल. उठणार नाही म्हणून सांग. आईचं तिला माहीत आहे, तिला समजेल.

एक प्रत मात्र सापडली नाही. शाळेच्या कपाटात नुसता डबा आहे. कुणी मूल घरी घेऊन गेलं म्हणतात. मी वर्गावर्गांत जाऊन विचारलं. कुणीच कबूल होईना. उलट माझा आवाज ओळखून सगळी हसायला लागली, पुन्हा तसंच हसून दाखवा म्हणून मागे लागली. त्यातलंच एक ते मूल असेल. कुठल्या तरी घरात माझं हसू वाजतंय आणि पलीकडे नळ सोडलेला आहे, याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

शनिवारी येतो. वायरमनची वाट पाहू नकोस, ते बटण मी बदलेन. तोवर फ्यूज लावू नकोस. माझ्यावरची माया ठेव, आणि टिकलीला सांग की बाबा समोर बसून हसतील. मला जमलं तर.

तुझा,
भाऊ