सहाशे फूट वर

१४ मार्च, शनिवार दुपार

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही. घरी आले की दार आत्या उघडते आणि "तो झोपलाय" म्हणून सांगते. सकाळी आले तरी झोपलाय, संध्याकाळी आले तरी झोपलाय. उभ्या आयुष्यात दुपारी डोळा न मिटलेला माणूस निवृत्त झाल्याबरोबर कुंभकर्ण कसा झाला, हे मला कळत नाही असं समजू नका. म्हणून हे पत्र. आत्याच्या हातात देणार आहे, आणि तुम्ही शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरून हलू नकोस असं तिला बजावणार आहे. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच.

मी बरी आहे. चौकशी संपेपर्यंत कंपनीने घरी बसवलंय, त्यामुळे स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून झाले. तुम्ही वर्षभर नुसतं "बघतो, बघतो" म्हणत होतात तो गळका नळही मी दुरुस्त केला. काही अवघड नव्हतं. वायसर बदलायचा होता.

काल आत्याने मला गॅलरीत ओढून विचारलं, "नक्की काय झालं ते मला कळेल असं सांग. तो तर तोंडाला कुलूप लावून बसलाय." मी सांगितलं. विमान जमिनीजवळ असताना आमचं उंची दाखवणारं यंत्र तिथल्या हवेच्या दाबावर लावलेलं असतं. वर चढताना, एका ठरावीक उंचीनंतर, सगळ्या विमानांनी ते एकाच ठरलेल्या आकड्यावर आणायचं, म्हणजे आभाळात सगळ्यांचं माप एक राहतं. दोघांनी आपापली कळ फिरवायची आणि एकमेकांना मोठ्याने सांगायचं. त्या दिवशी हवा वादळी होती, दाब फार कमी होता. आम्ही कळ फिरवलीच नाही. यंत्र म्हणत होतं की दिलेल्या उंचीवर आहोत, आणि आम्ही होतो सहाशे फूट वर. आम्हाला दिलेल्या उंचीच्या हजार फूट वरून दुसरं विमान येणार होतं. मधे उरले चारशे.

"म्हणजे घड्याळ लावायला विसरलात," आत्या म्हणाली. मग, "दोघंही?"

दोघंही, बाबा. पण तुम्ही तसं लिहिलेलं नाही.

चौकशीच्या बाईंनी परवा मला तुमचा जबाब वाचून दाखवला. 'को-पायलटने कळ फिरवण्याची आठवण केली. मी तिला गप्प राहायला सांगितलं. चूक सर्वस्वी माझी.' बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद काढून ठेवायच्या आधीच पुसली गेली, त्यामुळे तुमच्या दोघांच्या सांगण्यावरच सगळं आहे. तुम्ही याला फक्त दुजोरा द्या. सोमवारी सही करा आणि पुढच्या महिन्यात कॅप्टनच्या परीक्षेला बसा."

मला गप्प राहायला सांगितलंत? तुम्ही? जन्मल्यापासून मला गप्प बसवणं तुम्हाला एकदा तरी जमलंय का? आत्याला सांगितलं तर ती पोट धरून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

तुम्हाला काय वाटलं ते मला कळतं. आपण तर निघालोच आहोत, जाता जाता पोरीची चूकही पाठीवर घेऊन जाऊ. ऐकलं तेव्हा मला रडू आलं. बसस्टॉपपर्यंत रडत गेले. आणि बसमध्ये बसल्यावर असा राग आला की दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले.

कारण तुमच्या त्या गोष्टीत मी कोण आहे, ते बघितलंत का? चूक दिसली, तोंडाने सांगितली, आणि कॅप्टनने दटावल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मागे दीडशे माणसं असताना! हात पुढे करून कळ फिरवायला मला कोणी बांधून ठेवलं होतं? विसरलेल्या मुलीला वाचवायला गेलात आणि डोळ्यांसमोर चूक दिसत असून बसून राहणारी मुलगी लिहून आलात. विसरलेल्या माणसाला पुन्हा शिकवता येतं. त्या दुसरीला मी तरी माझ्या विमानात घेतलं नसतं, आणि तुम्हीही नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून कपाट आवरलं. आवरायची गरज नव्हती. पुढचं लिहायचं टाळत होते, आणि तुम्हीही तेच टाळताय, म्हणून आता लिहूनच टाकते.

केबिनच्या प्रमुखबाईंना धीर धरवला नाही. उतरल्यावर करायची घोषणा त्यांनी चढतानाच करून टाकली: आज कॅप्टनचं शेवटचं उड्डाण, आणि शेजारच्या खुर्चीत आहे त्यांची मुलगी. दारापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. तुम्ही सरळ समोर बघत होतात आणि तुमचे डोळे वाहत होते. आवाज नाही, काही नाही. चष्मासुद्धा काढला नाहीत.

आई गेली तेव्हा तुम्ही रडला नाहीत. मी वाट बघत होते, बाबा. वर्षभर दाराआडून कान देऊन वाट बघत होते, कारण तुम्ही रडलात तर मलाही तुमच्याजवळ येऊन रडता आलं असतं. शेवटी मी ठरवून टाकलं की या माणसाला रडता येतच नाही. आणि त्या दिवशी हातभर अंतरावर ते दिसलं. विमान तुम्ही चालवत होतात. आकड्यांवर नजर ठेवणं माझं काम होतं. मी तुमच्याकडे बघत बसले.

मग धोक्याचा गजर झाला, टक्कर टाळणाऱ्या यंत्राने खाली उतरायला सांगितलं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तुम्ही विमान खाली घेतलं होतं. गाल तसेच ओले. हेही तुम्ही जबाबात लिहिलं नाहीत. ते दुसरं विमान आपल्या वरून गेलं. त्याच्या पोटावरची अक्षरं मला वाचता आली. डोळे मिटले की अजून वाचते.

पोटच्या पोरीवर खेकसणारा कॅप्टन म्हणून घ्यायला तुमची तयारी आहे, पण रडलेला कॅप्टन म्हणून नाही. एवढी लाज कसली, बाबा?

मी सही करणार नाही. ही परवानगी मागत नाहीये, कळवतेय. परीक्षा हातची जाईल, पुन्हा शिकाऊ मुलांबरोबर तपासण्या द्याव्या लागतील, कॅप्टनची डावी खुर्ची कधी मिळेल ते सांगता येणार नाही. चालेल. खोटं बोलून त्या खुर्चीत बसले तर शेजारचा को-पायलट जे सांगेल ते खरं कसं मानू? शिवाय हे नोंदलं गेलं पाहिजे. पुढे कोणाचं शेवटचं उड्डाण असेल तेव्हा टाळ्या विमान उतरल्यावरच वाजल्या पाहिजेत, असा नियम कोणीतरी करायला हवा, आणि कारण कळल्याशिवाय तो कोणी करणार नाही.

जबाब बदलायला तुमच्याकडे सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे. बदलला नाहीत तर मला तुम्हाला खोटं पाडावं लागेल. तुमच्या पाठीमागे मी ते करणार नाही, म्हणून तुम्ही तिथे या. दाढी करून या.

बाई विचारतील, त्या वेळी कॅप्टन काय करत होते? मी सांगणार, रडत होते. मग विचारतील, आणि तुम्ही? मी सांगणार, मी माझ्या वडिलांना पहिल्यांदा रडताना बघत होते.

तुमची मुलगी,
आणि त्या दिवशीची तुमची को-पायलट