संक्रांतीपर्यंतचा बॅक

कार्तिक वद्य ३, फसली १३३७. बीड.

घेतलं! मला घेतलं!

सकाळी पोलीस लाईनीच्या मैदानावर आम्ही बरीच पोरं उभी होतो. जमादार यावरअलींनी आधी सगळ्यांना दम निघेस्तोवर पळवलं. मग समोर उभं राहून एकेकाच्या अंगावर चेंडू मारायला लागले. बाकीचे बाजूला सरकत होते. मी सरकलो नाही. दोन नडगीवर बसले, तिसरा स्टिकनं अडवला. एवढंच केलं! जमादार म्हणाले, "ये धनगर का छोकरा नै हटता. इसको रखो." बाकीच्यांना घरी धाडलं.

जागा कशी निघाली ते लिहून ठेवतो. पोलिसांच्या हॉकी टीमचा बॅक गफूरखान — जिल्ह्यात तसा दुसरा नाही — त्याचा गुडघा जालन्याच्या मॅचमध्ये फिरला. तो बरा होईस्तोवर त्याच्या जागी मी. संक्रांतीपर्यंत. पुढचं जिल्ह्याच्या पोलिसांचे बडे साहेब, मोहतमीमसाहेब, ठरवणार. ठेवलं तर कायमचा जवान — पगडी, पट्टा, सगळं. नाही ठेवलं तर तळवाड्याला, मेंढरांमागं.

हंगामी माणसाला पट्टा मिळत नाही. चड्डी सुतळीनं बांधलीय. असू दे!

कार्तिक वद्य ५

हाताला फोड. पायाला फोड. खोलीत माझ्याबरोबर गोलकीपर धोंडीराम राहतो, केजचा. त्याला दाखवले. म्हणतो, "तोंडाला न्हाई ना? मग जेव."

कार्तिक वद्य १०

आज जमादारांनी सगळ्यांसमोर झापलं. माझी खोड एकच — चेंडू लांब गेला की मी त्याच्या मागं सुटतो. मेंढरू चुकलं की पळायचं, जन्मभर तेच केलंय. पाय ऐकत नाहीत.

"तू कोण आहेस बे?"

"बॅक."

"बॅक म्हंजे दरवाजा. दरवाजा हिंडायला जातो का कधी?"

सगळे हसले. धोंडीराम तर बसूनच हसला. मीपण हसलो, पण नंतर एकटाच मैदानात जाऊन एका जागी उभा राहिलो, नुसता. लई अवघड असतं, नुसतं उभं राहणं.

मार्गशीर्ष शुद्ध २

गफूरखान आला. दोन्हीकडून दोघांनी धरलेला, हातात काठी. मैदानाच्या कडेला बाजेवर बसला आणि सबंध वेळ माझ्याकडं बघत राहिला. माझे तीन चेंडू सुटले. ज्याची जागा आपण घेतली त्याच्यासमोर खेळायचं म्हणजे —

संपल्यावर हाक मारली. वाटलं, आता शिव्या. म्हणाला, "नाव काय रे?"

"सुग्रीव."

"बस इथं. तू चेंडूकडं बघतो. चेंडू झूट बोलतो, सुग्रीव. समोरच्याच्या कमरेकडं बघ. कमर कधी झूट नै बोलती."

अंधार पडेपर्यंत बाजेवर बसल्या बसल्या काठीनं दाखवत होते. हो, दाखवत होते. अशा माणसाला अरे-तुरे लिहायला हात धजत नाही. आजपासून गफूरभाई.

मार्गशीर्ष शुद्ध ६, चंपाषष्ठी

आबा आले. घोंगड्या विकायला बाजारात आले होते, तसेच लाईनीत आले. आईनं भरीत-भाकरी दिली होती. भाकरी वाळून कडक झालेली, तरी धोंडीरामानं अर्धी लांबवली.

आबांना मैदान दाखवलं, स्टिक दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन तोलली, वाकडा शेंडा निरखला. "मेंढरू वढाया बरी हाय." मग म्हणाले, "ह्येनं चेंडू हाणायचा, अन् सरकार जेवाया घालतं?"

"चेंडू अडवायचा, आबा. हाणणारे दुसरे."

"म्हंजी तू काय करतू?"

"दुसऱ्याला काही करू देत नाही."

आबांनी स्टिक परत दिली. निघताना खरं कारण सांगितलं. तळवाड्याच्या अर्जुनरावांकडून सोयरिकीची विचारणा झालीय, त्यांच्या लेकीची, ताराची. पण त्यांचा एक सवाल हाय — "पोरगं कायम हाय का हंगामी?"

"तुमी काय सांगितलं?"

"सांगितलं, संक्रातीला कळंल."

ताराला मी एकदा पाहिलंय, गेल्या साली जत्रेत. रेवड्यांचा द्रोण हातातून सांडला तर लाजायच्या ऐवजी खदखदून हसली होती. रेवड्या मी गोळा करून दिल्या. जास्त काही नाही. पण आज सराव करताना दोनदा हसू आलं. जमादारांनी विचारलं, "क्या हुआ?" काही नाही म्हटलं.

मार्गशीर्ष वद्य १

कमरेकडं बघतो आता. खरंच, झूट बोलत नाही! आज आमच्याच सेंटर फॉरवर्डला पाच वेळा अडवलं. तो चिडून स्टिक आपटून गेला. गफूरभाईंनी बाजेवरून टाळ्या वाजवल्या.

मार्गशीर्ष वद्य ८

गफूरभाई आज काठीशिवाय चालले. बाजेपासून गोलपर्यंत आणि परत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात.

मार्गशीर्ष वद्य ९

खंडोबाच्या देवळात गेलतो. हात जोडले आणि काय मागावं कळेना. त्यांचा गुडघा बरा होऊ दे म्हणावं, तर माझं जातं. होऊ देऊ नको म्हणावं, तर — थू! ज्यानं शिकवलं त्याचं वाईट मागू?

काहीच न मागता परत आलो. भंडारा तेवढा लावला कपाळाला. तो बघून गफूरभाई म्हणाले, "मेरे लिये माँगा क्या?" मी हो म्हणालो. खोटं बोललो! आणि मग राहवेना, परत देवळात गेलो आणि खरंच मागितलं. आता हलकं वाटतंय. जे होईल ते होवो.

पौष शुद्ध ४

औरंगाबादच्या पोलिसांची टीम येणार. मोहतमीमसाहेब खुर्ची टाकून बघणार. संक्रांतीआधीची शेवटची मॅच. धोंडीराम म्हणतो, "हीच तुजी परीक्षा हाय बे." त्याला म्हटलं, तुझी नाही का? म्हणतो, "मी कायम हाय. मला झोप येते."

पौष शुद्ध १०

बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येईल.

लोक इतके की बिंदुसरा नदीच्या काठापर्यंत गर्दी. औरंगाबादचा सेंटर फॉरवर्ड मिर्झा — उंच, बारीक मिशा, पायात चांगले बूट. बुली होऊन खेळ सुरू झाला आणि पहिल्याच झटक्यात तो माझ्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला. दुसऱ्यांदा अडवला. तिसऱ्यांदा अडवला. अंगात वारं शिरलं. चेंडू मिळाला तसा मी तो घेऊन पुढंच सुटलो! लोक ओरडायला लागले, मला वाटलं शाबासकी. मैदान अर्धं ओलांडलं आणि चेंडू गेला. मागं वळून बघतो तर माझी जागा मोकळी, मिर्झा तिथून सरळ आत, धोंडीराम आडवा, चेंडू जाळ्यात.

माझा गोल तो. दुसऱ्या कुणाचा नाही.

मध्यांतरात कुणाकडं बघवेना. वाटलं जमादार तिथंच हाकलतील. त्यांनी गुळाचा खडा दिला आणि पाण्याचा तांब्या. गफूरभाई लंगडत आले, माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मी बी केलतं हे. माझ्या पैल्या साली." मग थोडं थांबून, "मिर्झा उजव्या पायावर जोर देऊन वळतो. दर वेळी. आता जा."

दुसऱ्या डावात मी जागेवरून हललो नाही. मिर्झा आला — अडवला. परत आला — परत अडवला. एकदा त्याची स्टिक माझ्या बोटांवर बसली, नख काळंनिळं झालंय. तो थांबून म्हणाला, "लगा क्या?" मी नाही म्हटलं. तो हसला. पुढच्या खेपेला पुन्हा अडवला, तेव्हा नाही हसला! शेवटी शेवटी आमच्या पोरांनी एक गोल फेडला. एकास एक. शिट्टी झाली तेव्हा मी खाली बसलो ते उठताच येईना. धोंडीरामानं काखेत हात घालून उचललं. "सुग्र्या, चल. भाकरी गार व्हतीय."

मोहतमीमसाहेब जाताना माझ्याजवळ थांबले. नाव विचारलं. मान हलवली. मान हलवली म्हणजे काय? हो का नाही? धोंडीराम म्हणतो हो. जमादार म्हणतात, संक्रांतीला कळेल.

पौष वद्य ५

गफूरभाई आज पूर्ण वेळ खेळले. मी बाहेर बसून बघितलं. काय खेळतात! मला राग यायला हवा होता. तोंडातून "वा!" निघालं.

पौष वद्य ७, संक्रांत

नाही ठेवलं.

जमादारांनी स्वतः बोलावून सांगितलं. बस म्हणाले, म्हणून कळलंच. साहेबांनी दोन बॅक मंजूर केलेत, एक गफूरखान आणि दुसरा जुनाच. तिसऱ्याची सोय नाही. "तेरा कसूर नै," म्हणाले. त्यांचा आवाज कधी असा नसतो.

स्टिक परत करायला गेलो तर घेईनात. "वो तेरी है." गफूरभाईंनी तीळगूळ दिला, मी त्यांच्या पाया पडलो. तेव्हा त्यांनी खाली वाकून उठवलं — गुडघा वाकवून! दोघांनाही ते एकदमच कळलं. हसायला आलं दोघांना.

पौष वद्य १०. तळवाडा.

घरी. आईला वाटलं मी रडेन, म्हणून तीच आधी रडली. भाऊ बंकट म्हणाला, "आता घे मेंढरं, माजी पाठ मोडली." घेतली. पाय आपोआप चालायला लागले.

आबा संध्याकाळी अर्जुनरावांकडं जाऊन आले. खाली मान घालून गेलते — पोरगं हंगामीच निघालं, हे सांगायला. अर्जुनरावांनी तोंड पाडलं म्हणे. पण आतून त्यांची आई मुक्ताबाई बाहेर आली. "कावून तोंड पाडलं? मेंढरं तर कायम हायेत न्हवं? पोरगी बी त्येच म्हणती."

पोरगी बी त्येच म्हणती!!

माघ शुद्ध ३

वाडीवरची पोरं रोज संध्याकाळी येतात. बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून त्यांना स्टिका करून दिल्या. चिंध्यांचा चेंडू. सगळ्यांना पुढंच पळायचं असतं. मी ओरडतो, ती ऐकत नाहीत. मजा येते. वाईट वाटायचं हळूहळू कमी होतंय — खरंच होतंय, नुसतं लिहायला म्हणून नाही.

माघ शुद्ध ९

दुपारी माळावर कुणीतरी लांबून हात हलवत, धापा टाकत येताना दिसलं. धोंडीराम! गेवराईपासून चालत आलेला. आधी पाणी प्याला, मग भाकरी मागितली, मग बोलला. औरंगाबादच्या मिर्झानं त्याच्या साहेबाला गळ घातली — ज्याच्यापुढं आपला गोल होत नाही, तो पोरगा आपल्याकडंच आणा. त्यांच्या टीमला बॅक पाहिजे. हंगामी नाही. कायम! तसा निरोप बीडला आला आणि जमादारांनी लगेच धोंडीरामाला धाडलं.

पहिली मॅच होळीनंतर. बीडशी!