कुरडयांनी राखलेली जागा

माय, आपल्या लेआउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या ओपन स्पेसवर बाग होणार आहे. कालच नगरपालिकेची माणसं येऊन चुन्याच्या खुणा मारून गेली. राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांमुळे बाबांचा पांढरा सदरा ज्या गल्लीत वाळता वाळताच मळायचा, तिला पहिल्यांदाच हिरवळ मिळते आहे. मोठ्या वस्त्यांत बागा झाल्या, कारंजी आली. आपल्याकडे कुणी फिरकलं नाही. तरी जागा शाबूत राहिली, आणि ती कशी राहिली हे आता गल्लीतल्या थोड्याच लोकांना ठाऊक आहे.

तो उन्हाळा मला अजून स्वच्छ दिसतो. शेजारच्या प्लॉटवाल्या काकांनी आपलं तारेचं कुंपण गुपचूप ओपन स्पेसमध्ये सरकवलं होतं. गल्ली जमते, आणि आपल्याकडे प्रत्येक लेआउटमध्ये सुचतो तोच उपाय सगळ्यांना सुचतो: तिथे देव बसवून टाका, मग जागेला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. अर्धे म्हणतात मारुतीचं देऊळ, आपले लोक म्हणतात मग विहार का नको. आवाज चढतात. बाबाही विहाराच्या बाजूचे. तू पदर सारखा करून मध्ये येतेस आणि म्हणतेस, "मारुती बसवा का विहार बांधा, जागा त्याईचीच होते. मंग लेकरं कुठी जातीन?" बाबा त्यानंतर बरेच दिवस तुझ्याशी धड बोलले नाहीत. तुला त्याचं वाईट वाटलं असणार, पण तू मागे हटली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तू गव्हाचा चीक शिजवलास, बाज उचलून थेट त्या तारेच्या आत नेऊन टाकलीस आणि कुरडया घालायला बसलीस. मग मारुतीवाल्या घरांतल्या बाया आल्या, विहारवाल्या आल्या, बाजेला बाज लागली. बायांचं वाळवण तुडवायची कुणाची टाप आहे? काका तावातावाने आले, तर तू त्यांच्या हातात साखर घातलेल्या गरम चिकाची वाटी दिलीस आणि भाऊजी, कुरडया वाळेपर्यंत थांबा म्हणालीस. त्या वर्षी तुझ्या कुरडया पावसाळ्यापर्यंत काही वाळल्या नाहीत. शेवटी काकांनी स्वतःच तार मागे घेतली आणि तू तिथे कडुनिंब लावलास. कुणाशी वाकडं न बोलता जिंकणारी तुझ्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात बागेसाठी बैठक झाली, तर लोक म्हणू लागले बाग कशाला, लग्नाकार्यासाठी हॉलच बांधा. सगळे माना डोलवत होते. मी उठले आणि म्हणाले, "हॉल बांधला का जागा हॉलचीच होते. मंग लेकरं कुठी जातीन?" बायांनी टाळ्या वाजवल्या आणि हॉलचा विषय तिथेच संपला. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून काका बोलले. आता फार थकलेत. "हे इचं नाई, इच्या मायचं बोलनं हाये. मले चीक चारून हाकललं होतं तिनं अठून." सगळे हसले, काकाही हसले.

हे तुझ्या कडुनिंबाखाली बसून लिहिते आहे. तू गेलीस तिथे पोचवणारी टपालपेटी नाही, तेव्हा घडी करून पर्समध्येच ठेवीन. एक मात्र सांगून टाकते, माय. काका बोलले नसते, तर त्या टाळ्या मी मुकाट्याने घेऊन घरी आले असते.