दोरीतला वाघ

लास गार्सास शाळा,
२ मार्च १९५८

ती. तिबुर्सिओमामा यांस,
निएवेसचा शि. सा. न.

पत्रास कारण, कोण कोणाला खातं हे सध्या वर्गात शिकवतेय. फळ्यावर काढलं की पोरं पेंगतात, म्हणून गुरांच्या दोरीने त्यांना एकमेकांना बांधलं. एक गवत, एक ते खाणारा तळ्यातला चिगुइरे, एक त्याला खाणारा आपला ठिपक्यांचा वाघ. मग चिगुइरेची गाठ सोडली आणि वाघाला विचारलं, आता गं? वाघ झाली होती गुराख्याची रोसाउरा, वय सात. तिने मलाच विचारलं, मग मी काय उपाशी मरू? आणि तडक जाऊन अंगणातल्या शाळेच्या गाढवाच्या मानेला मिठी मारली. सगळे हसले. मला हसू येईना, कारण तळं शाळेला लागूनच आहे आणि ईस्टरआधीच्या या उपासाच्या दिवसांत तुमची माणसं चिगुइरे मारायला सोटे घेऊन येणार. मामा, निम्मे तरी चिगुइरे राहू द्या. नाहीतर वाघ कुठे जाईल ते रोसाउराने दाखवलंच आहे.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
निएवेस


२० मार्च

चि. निएवेस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कसायांना वाचून दाखवलं. हसता हसता एकाच्या हातून सुरी निसटली. अगं बाई, पाद्रीबाबा सांगतात, पाण्यात राहतो तो मासा. डुकराएवढा, केसाळ, चार पायांचा का असेना! पवित्र आठवड्यात मांस चालत नाही, म्हणून अख्खं शहर माझ्या दारात हा मासा मागतं. त्यांना काय तुझी दोरी दाखवू?

काल तळं साफ केलं. घोड्यांनी कळप काठाला रेटला नि डोक्यांत सोटे घातले. कवट्या नारळासारख्या फुटत होत्या. जखमी होऊन पाण्यात पळाले, त्यांना दातवाल्या करीबे माशांनी संपवलं. पाणी नुसतं लाल उकळत होतं. थोडे जिवंत कोंडवाड्यात ठेवलेत, ईस्टरनंतरच्या गिऱ्हाइकांसाठी.

कोण कोणाला खातं ते अनवाणी वाढलेल्या मामाला शिकवू नकोस. रोसाउरावाघिणीला माझा पापा दे. रुसलीस तरी लिहीत जा.

तुझा मामा,
तिबुर्सिओ


२७ मार्च

ती. मामा,
शि. सा. न.

वाघ आला. भर दुपारी, मधल्या सुट्टीत. गाढव खुंट्याला होतं आणि रोसाउरा त्याच्या पाठीवर.

त्याने कानामागे दात रोवून गाढवाची कवटी फोडली. आवाज तुम्ही लिहिलात तसाच होता. पोर खाली पडली, गाढव तिच्या अंगावर. तिच्यावरूनच त्याने ते धूड ओढत नेलं. ती जगली आहे. तिच्या केसांतलं रक्त तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा निघालं. बोलत नाही. बाकीच्यांना आया आता घराबाहेर सोडत नाहीत. शाळा अशीच ओस राहिली तर बंद करावी लागेल.

तुमचा पापा मी तिला दिलेला नाही.

निएवेस


१५ एप्रिल

चि. निएवेस हिस,
आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे. उजवा कोपरापासून गेला.

कुत्री नि भाला घेऊन वाघाला झुडपात गाठलं. पहिल्या कुत्र्याचं पोट त्याने पंजाने उघडलं, दुसऱ्याचं डोकं तोंडात धरून चुरडलं. मग मी. माझं मनगट त्याच्या घशात असताना डाव्या हाताने भाला त्याच्या बरगड्यांत घातला नि त्याला अंगाखाली दाबून धरलं. रक्त थंड होईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांवर पडून होतो.

माणसांनी त्याचं पोट फाडलं. आत गाढवाच्या म्होरकीचा लाल गोंडा निघाला, बेडूक आणि चिखल. अंगावर मांस म्हणून नव्हतं. एवढ्या मोठ्या जनावराने चिखल खाल्ला होता, निएवेस.

काल कोंडवाडा उघडून उरलेले सगळे चिगुइरे तळ्यात सोडले. कसायांना सांगितलंय, तिथे सोटा दिसला तर आधी माझ्या डोक्यात घालावा लागेल. आयांच्या घरी मी स्वतः जाऊन येतो. हा हात बघून तरी ऐकतील.

गवत आहे, चिगुइरे मी आणले. तुझ्या दोरीत तेवढ्या गाठी पुन्हा मार. वाघ कुठून आणायचा, ते मला सुचत नाही. रोसाउरा बोलायला लागली की तिला विचारून कळव.

माया उरली असेल तेवढी असू दे.

तुझा,
मामा