गरम कोठी

तलमडुगु, मंगळवार, मार्च १९८६

आज पुन्हा ज्वारीच्या कोठीले हात लावला. गरमच हाये. लेकरू कोठीपाशीच झोपते म्हणून किड्याची पावडर नको, ज्वारीत कडूलिंबाचा पाला टाकू, हा हट्ट माझाच. पण भरायच्या दिवशी पाला ओलाच होता. मी तसं सांगितलं, तर सासूबाई म्हणे, "उद्या आवस हाये. आजच भर." भरून कोठीचं तोंड शेणामातीनं लिंपलं. आता वैशाखातल्या आखाजीची पूजा झाल्याबिगर त्या फोडू देणार नाहीत. तोवर ज्वारी आत उबून जाईल. बोल लागंल माझ्या पाल्याले, अन् पुढच्या साली पावडरच येईल. काऊन ऐकलं मी त्यांचं तवा?

सांजच्याला सासूबाई कोठीले पाठ टेकून बसल्या. म्हणे, "लय बरं वाटते वं पाठीले. रोज इथंच बसत जाईन."