डावखुरा कॅचर नसतो म्हणे

अंबरनाथ पूर्व
बुधवार, दुपारचा चहा घेऊन

आदरणीय रंजनाअक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, प्रेमचा, सविनय जयभीम. तुझे गुडघे, तुझं ब्लडप्रेशर आणि गॅलरीतली तुझी मिरचीची कुंडी, तिघांचं बरं चाललं असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे मजेत. मंडळींची कंबर अधूनमधून कुरकुरते, पण खुद्द मंडळींपेक्षा कमीच. आता अंबरनाथहून बदलापूरला, जिथे शेअर रिक्षाने निघालेला माणूस चहा थंड व्हायच्या आत पोचतो, तिथे पत्र कशाला, असं तू विचारशीलच. तर फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर काही पाठवलं तर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवतेस (तू शाळेतून रिटायर झालीस ही बातमी अजून तुझ्यापर्यंत आलेली दिसत नाही). म्हणून पत्र. अक्षराबद्दल आधीच कान पकडतो. टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि पेन माधवीचं आहे. एवढ्यावर भागव, लाल पेन काढू नकोस.

पत्र लिहायचं मुख्य कारण म्हणजे तुझा स्टीलचा डबा. नातीच्या वाढदिवसाला तू शिरा घेऊन आलीस, ओवीने डाव्या हाताने चमचा उचलला, तू तिच्या हातावर टिचकी मारलीस, आमची माधवी तुला नको ते बोलली (लेक माझी आहे, पण जीभ सरळ तुझ्याकडून आली आहे), आणि तू चप्पल घालून जी गेलीस ती गेलीस. डबा इथेच राहिला. त्याला आता दोन महिने होतील. रोज भांडी लावताना तो समोर येतो आणि माझ्याकडे तुझ्यासारखा बघतो. आमच्या बिल्डिंगमधला अनीश कुळगावात एका दवाखान्यात कामाला आहे, त्याच्या हाती तो पाठवतो आहे. रिकामा नाही, आत करंज्या आहेत.

तर ओवीचं सांगतो. आठवीला गेल्यावर तिने शाळेतल्या मुलींच्या बेसबॉलमध्ये नाव घातलं. आम्हीही हो म्हटलं, कारण दहावीला खेळाचे गुण मिळतात, आणि बेसबॉलमध्ये गर्दी कमी असा माधवीचा हिशेब. पण पोरगी त्या खेळात पार बुडाली. त्यातही तिला कॅचर व्हायचं आहे. कॅचर म्हणजे आपल्या क्रिकेटचा विकेटकीपर समज, फक्त याने सगळा सामना उकिडवं बसून काढायचा, तोंडाला पिंजरा, छातीला ढाल आणि पायाला पॅड लावून. पिचरने कुठला बॉल टाकायचा ते कॅचर बोटांच्या खुणेने सांगतो. बाकीच्या आठ जणींची तोंडं त्याच्याकडे, आणि अख्खं मैदान समोर दिसतं ते त्याला एकट्याला. मी ओवीला विचारलं, बाई गं, एवढं ओझं अंगावर घेऊन मिळतं काय? तर म्हणाली, आबा, तिथून सगळं दिसतं आणि कुणी मला ‘बाजूला हो’ म्हणत नाही. 

पण त्यांचे आकाश सर म्हणाले, तू डावखुरी, डावखुरा कॅचर नसतो. कारणही दिलं. बहुतेक बॅटर उजवे, ते कॅचरच्या डाव्या अंगाला उभे राहतात, मग डाव्या हाताला फेकताना वाट मिळत नाही. ओवीला त्यांनी लांब कोपऱ्यात उभं केलं, जिथे बॉल सणासुदीलाच येतो. ती घरी आली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही ताटात नुसती बोटं फिरवत बसली. अक्का, मी पेन्शनर माणूस. मला काम नव्हतं, ते मिळालं. मी मोबाइल घेतला आणि कॅचर वाचायला सुरुवात केली.

तुला माहीत आहे का (नसेलच, आणि तुला माहीत नसलेलं काही सांगायची संधी मला जन्मात दुसऱ्यांदा मिळते आहे) की १९०७ साली रॉजर ब्रेस्नाहन नावाच्या कॅचरने पायाला क्रिकेटसारखे पॅड बांधले, तेव्हा लोक त्याला हसले होते? आज पॅड नसेल तर हसतील. मडी रूएल नावाचा एक कॅचर चांगला शिकलेला वकील होता. कॅचरच्या सगळ्या सामानाला ‘अडाण्याची अवजारं’ हे नाव म्हणे त्यानेच ठेवलं. जॉनी बेंच एका पंजात सात बॉल धरायचा (मी घरी लिंबांवर करून पाहिलं, चार). मो बर्ग तर कितीतरी भाषा शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेसाठी हेरगिरी करून आला. त्याच्याबद्दल म्हणायचे, याला सात भाषा येतात, पण बॅटिंग एकाही भाषेत येत नाही. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि जेवताना घरच्यांना वाचून दाखवलं. चौथ्या दिवसापासून मंडळी माझ्याआधी जेवू लागल्या. पण पाचव्या दिवशी सापडला गं अक्का! जॅक क्लेमेंट्स. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या काळात डाव्या हाताने फेकणारा, आणि कॅचर म्हणून हजाराच्या वर सामने खेळलेला. शिवाय १९८९ साली बेनी डिस्टेफानो, तोही डावखुरा, तीन सामने. ओवीला दाखवलं तर ती दोन पोळ्या जास्त जेवली. (इथे ओळ फरफटली आहे, मनगट शाईवरून गेलं. माफ कर.)

आता ग्लोव्हची पंचाईत. कॅचरचा ग्लोव्ह उशीसारखा जाड असतो आणि फेकायच्या हाताला नाही, दुसऱ्या हाताला घालतात. शाळेतला ग्लोव्ह डाव्या हाताचा, म्हणजे उजव्यांसाठी. ओवीला पाहिजे उजव्या हाताचा, आणि तो दुकानात मिळेना. मग मी उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनमध्ये मुकेशशेठकडे. त्यांचा पर्स-बॅगा शिवायचा कारखाना आहे. मो बर्गइतक्या नाही, पण चार भाषा एका वाक्यात बोलतात. मी मोबाइलवर फोटो दाखवला, कागदावर पंजा काढून दिला, उजवा हात म्हणून तीनदा सांगितलं. आठवड्याने गेलो तर काउंटरवर दोन ग्लोव्ह. एक उजवा, एक डावा. मी म्हटलं, शेठ, मला एकच हवा होता. तर ते खरोखरच दुखावले. म्हणाले, “साईं, एक हाथ का ग्लोव्ह कौन पहनता है? दूसरा हाथ क्या करेगा? जोडी के बिना मैं माल देता नहीं.” मी त्यांना सगळा बेसबॉल समजावला. त्यांनी मन लावून ऐकला आणि दोन्ही ग्लोव्ह एका पिशवीत घातले. आत भरणा जीन्सच्या कातरणीचा. पहिल्याच दिवशी ओवीने बॉल पकडला तर शिवण उसवून निळ्या चिंध्यांची वरात निघाली. ती आपल्या मंडळींनी गोधडीच्या टाक्याने शिवली, तेव्हापासून ग्लोव्ह दगडासारखा पक्का आहे.

उरलेला डावा ग्लोव्ह माझ्या वाट्याला आला. रोज संध्याकाळी बिल्डिंगमागे ओवी बसल्या जागेवरून उठून फेकते आणि मी दुसरा बेस होतो. (दुसरा बेस म्हणजे जिथे पळणारी बॅटर चोरून पोचायच्या आत कॅचरचा बॉल पोचला पाहिजे ती जागा. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचं झाकण.) पकडायचो ठीक, पण माझी परत केलेली फेक कधी भिंतीवर, कधी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीत. एकदा ग्लोव्ह काढून घाम पुसत होतो, बॉल पायाशी घरंगळत आला, आणि नकळत डाव्या हाताने उचलून फेकला. सरळ ओवीच्या ग्लोव्हात. काय आवाज आला म्हणून सांगू! पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आबा, तुम्हीपण? मी म्हटलं, होतो. लहानपणी बांधला होता हात. तिने विचारलं, दुखलं का? मी म्हटलं, हात नाही दुखला.

मग वही काखेत मारून आकाश सरांकडे गेलो. माणूस चांगला, खुर्ची दिली, सगळं ऐकलं. म्हणाले, काका, तुमचा तो क्लेमेंट्स फार जुना झाला. मी विचारलं, डावखुऱ्याने कॅचर होऊ नये असा नियम आहे का? म्हणाले, नियम नाही, पण तशी पद्धत नाही. रविवारी सकाळी निवडीचा सामना आहे, बघू. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.

पण ‘पद्धत’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. वहीत आणखी एक कॅचर होता, जो मी जेवताना वाचला नव्हता. मोझेस फ्लीटवूड वॉकर. १८८४ साली हा काळा माणूस मोठ्या लीगमध्ये कॅचर होता. त्याच्याच संघातल्या एका पिचरने पुढे स्वतः कबूल केलं की वॉकरसारखा कॅचर मला मिळाला नाही, पण काळ्या माणसाची खूण मानायची नव्हती, म्हणून मी मनाला येईल तसे बॉल टाकायचो. आणि वॉकर खुणेविना आलेला एकेक बॉल पकडायचा, तेही आजच्यासारखा जाड ग्लोव्ह नसताना. नंतर साठ वर्षं काळ्या माणसाला त्या लीगचं दार बंद होतं. लेखी नियम नव्हता. पद्धत होती.

आपले वडील, दादा, छप्पन साली चौदा ऑक्टोबरला नागपूरला दीक्षेला होते. त्याच्या सहाच दिवस आधी तिकडे न्यूयॉर्कला मोठ्या सामन्यात एका पिचरने एकाही बॅटरला बेसवर पाय ठेवू दिला नाही, आणि त्याचा कॅचर योगी बेरा आनंदाने पळत जाऊन त्याच्या अंगावर चढला. फोटो पाहिला आणि मला दादांची गोष्ट आठवली, शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना अशी मिठी मारली की चष्म्याची काडी मोडली. त्यानंतर सतरा वर्षांनी मी, सात वर्षांचा, वाण्याला डाव्या हाताने चार आणे दिले. त्याने घेतले नाहीत. हात मागे ओढला आणि हाताबद्दल बोलता बोलता आपल्या सगळ्यांबद्दल बोलला. दुकानभर माणसं होती. तू दारात उभी होतीस, पंधरा-सोळा वर्षांची. घरी येऊन तू वेणीची लाल रिबन सोडलीस आणि माझा डावा हात चड्डीच्या पट्ट्याला बांधलास. पुढे महिनाभर रोज. मी रडायचो, चावायचो, तू पाटीवर उजव्या हाताने गिरवून घ्यायचीस. मला वाटायचं, माझ्या बहिणीएवढी दुष्ट बाई अख्ख्या अंबरनाथमध्ये नाही. बरीच वर्षं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण परवा ओवीची वेणी घालताना एकदम आठवलं की तुझ्याकडे दोनच रिबिनी होत्या. तो महिनाभर तू एका वेणीला सुतळी बांधून शाळेत गेलीस. लोकांना आपल्यात खोड काढायला एक जागा कमी व्हावी, एवढंच तुला हवं होतं. ओवीच्या हातावर मारलेली टिचकीही त्यातलीच, हे मी माधवीला सांगितलं. डब्यातल्या करंज्या तिनेच केल्या आहेत.

बाकी इकडचं सगळं क्षेम आहे. गुडघ्याला तेल लाव. डबा मिळाल्याचं कळव, आणि करंजी कडक झाली असेल तर तेही कळवशीलच.

तुझा भाऊ,
प्रेम

ता. क. : डबा हे निमित्त, हे तू दुसऱ्याच परिच्छेदात ओळखलं असशील. आकाश सर तुझे विद्यार्थी. चौथीत तू त्यांना पाढ्यांपायी बाकावर उभं केलं होतंस. मी तुझं नाव काढलं तर त्यांनी आधी शर्टाची वरची गुंडी लावली. तू एक शब्द टाकलास तर ‘बघू’चं ‘हो’ होईल. तेवढा एक फोन कर.

ता. क. दुसरं : वरचा मजकूर ओवीने वाचला आणि त्यावर काट मारली, ती दिसत असेलच. म्हणते, वशिला नको. तिने स्वतः सरांकडून एक इनिंग मागून घेतली आहे. एक जरी पोरगी दुसऱ्या बेसवर चोरून पोचली तर ती आपणहून कोपऱ्यात जाऊन उभी राहणार. तिचं मागणं वेगळंच आहे. म्हणते, अक्काआजीने फोन करू नये, येऊन समोर बसावं.  तिच्यासमोर बॉल नीट गेला तर मग कुठेही जाईल. रविवार, सकाळी आठ, शाळेचं मैदान. खुर्चीची सोय मी केली आहे, सावलीत.

ता. क. शेवटचं : टेबलाचे चारही पाय धड आहेत आणि पेनही चांगलं आहे. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, कारण ते मी डाव्या हाताने लिहिलं आहे. बावन्न वर्षांनी, अक्का. ‘क्ष’ अजून जमत नाही, पण बाकी ओळखीचं वाटलं. सही तेवढी उजव्या हाताने केली. ती तू शिकवलेली आहे.